मस्टरवरची रेघ

आक्का गेल्याचं मला कुणाच्या तोंडून कळलंच नाही. नातीनं फोन पुढं धरला आणि म्हणाली, "आजी, हे तुझ्या शाळेचं ना?" मी चष्मा शोधेपर्यंत त्या फोनचा उजेड दोनदा गेला. शेवटी दिसलं... आमच्या बालवाडीच्या दारातला फळा, त्यावर रंगीत खडूनं काढलेली समई आणि खाली अक्षरं : 'आपल्या संस्थेच्या माजी शिपाई श्रीमती नरसव्वा यांचे वृद्धापकाळाने निधन. शोकसभा शनिवारी.' शिपाई! मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की सून हातातलं पीठ घेऊन धावत आली. तिला वाटलं मी पडले. पडले नव्हते, पेटले होते. बालवाडीत शिपाई कसला? तिथं काय खजिना असतो, पहारा द्यायला? या बाईनं अडतीस वर्षं सोलापूरच्या भवानी पेठेतल्या पोरांना बसायला, बोलायला, हसायला शिकवलं, आणि जन्मात संस्थेकडं एकच गोष्ट मागितली, की नोकरांच्या मस्टरवर शिक्षिकांच्या नावांखाली जी रेघ मारतात, तिच्या वर माझं नाव लिहा. बास. तेवढं झालं नाही. आणि ते का झालं नाही, हे त्या फळा रंगवणाऱ्या पोरीला ठाऊक नसलं तरी मला चांगलं ठाऊक आहे.

शनिवारी गेले. आता त्या जागेला सभागृह म्हणतात. आमच्या वेळी ती पत्र्याची लांबट खोली होती. फोटोला हार होता, उदबत्ती होती, आणि आताचे कार्यवाह, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे, कागदावरून वाचत होते, "अत्यंत प्रामाणिक, मितभाषी सेविका..." मितभाषी? चार भाषांत भांडणारी बाई मितभाषी? मग ते म्हणाले, "आपण दोन मिनिटं शांतता पाळू या." माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आक्कासाठी शांतता? तिच्यासाठी काहीतरी बडवा की!" शेजारच्या तरुण शिक्षिकेनं माझ्या हातावर हात ठेवला, "आजी, शूऽऽ..." तिचा मला राग आला नाही. याच खोलीत पन्नास वर्षांपूर्वी अशीच एक पोरगी ओठांवर बोट ठेवून शूऽऽ करत उभी असे. तिचा मात्र मला अजून भयंकर राग येतो. ती मीच.

त्र्याहत्तर साल. बार्शीच्या मास्तरांची लेक, वय वर्षं वीस, पुण्याला बालशिक्षणाचा एक वर्षाचा कोर्स करून आलेली. दोन वेण्या, कडक इस्त्रीचं पातळ, खांद्याला शबनम आणि शबनममध्ये खाकी कव्हरं घातलेल्या सात वह्या. त्या वह्यांत जगातल्या तमाम लहान मुलांविषयी सगळं लिहून घेतलेलं होतं. सोलापूरच्या मुलांविषयी तेवढं काही नव्हतं, पण ते कळायला अक्कल लागते, आणि अक्कल कोर्सच्या फीमध्ये धरलेली नव्हती. खोलीत बत्तीस पोरं. बहुतेक विणकरांची, घरी तेलुगू बोलणारी. काही कानडी, चार-सहा मोहल्ल्यातली दखनी बोलणारी. मराठी घरची पोरं मोजून पाच. खोलीची मागची भिंत आणि टॉवेल विणायचा कारखाना यांची भिंत एकच. पलीकडं सहा यंत्रमाग दिवसभर धडधडायचे, आणि आमच्याकडं भिंतीवर टांगलेला हत्तीचा तक्ता थरथरायचा.

नरसव्वा तिथं माझ्या आधी सहा वर्षांपासून होती. माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी, उंच, सावळी, कपाळावर मोठं कुंकू. नवरा मागावर. शिक्षण तेलुगू शाळेत चौथीपर्यंत. मराठी वाचायची, पण बोट फिरवत, सावकाश. पेठेत सगळे तिला आक्का म्हणत, पोरांचे बापसुद्धा. आणि मी? मी तिला "ए नरसव्वा" म्हणत असे. पोरांसमोर, एकेरीत! ती मला "बाई" आणि "तुमी" म्हणायची. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं, कारण सातही वह्यांत त्याविषयी एक ओळ नव्हती.

आता त्या शांततेची गोष्ट सांगते. माझ्या तिसऱ्या की चौथ्या वहीत ठळक लिहिलेलं होतं, की दुपारच्या विश्रांतीला संपूर्ण शांतता हवी, गोंगाटानं बालमनावर ताण येतो. मी त्या धडधडीकडं बघितलं आणि ठरवलं, की या बालमनांचा उद्धार करायचा. महिनाभर कार्यवाहांच्या मागं लागले. आताचे नव्हेत, तेव्हाचे, धोतर-टोपीतले, फार सज्जन आणि तितकेच भित्रे. ते कारखान्याच्या मालकाकडं गेले, हातापाया पडले म्हणा ना, आणि मालकानं कबूल केलं, बारा ते साडेबारा माग बंद. मी विजयी वीरासारखी दारात उभी राहिले. पोरं सतरंजीवर आडवी झालेली, निम्मी पेंगलेली. बाराला मी ओठांवर बोट ठेवलं. भिंतीपलीकडं माग एकेक करून थांबले... आणि बत्तीसच्या बत्तीस पोरं ताडकन उठून बसली. क्षणभर एकमेकांकडं बघितलं, आणि मग एका पोरीनं जो सूर लावला, त्यात सगळी सामील झाली. मी शूऽऽ करतेय, टाळ्या वाजवतेय, हत्तीचा तक्ता दाखवतेय... आणि एक पोरगं दार उघडून घराकडं पळत सुटलं.

आक्का पाणी भरत होती. घागर ठेवून आत आली. "काय केलासा ओ बाई? माग का बंद?"

"मीच बंद करवलेत. मुलांना झोप लागावी म्हणून."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग हसली. तोंडाला पदर लावून, मागं वळून, पण हसली. "बाई, ह्येंचा पाळणा मागाच्या शेजारीच बांधतेत की. पोटात हायेत तवापासनं त्योच आवाज. माग थांबला म्हंजी सूत तुटलं, न्हाईतर लाईट गेली, न्हाईतर बापाचं डोस्कं फिरलं. मग झोपतील का पळतील?"

एवढं बोलून तिनं पोळपाटाएवढा एक पाट उपडा घातला, मांडी घालून बसली आणि तळहातानं वाजवू लागली. दोन ठोके, जरा थांबायचं, पुन्हा दोन. अगदी मागाची चाल. वाजवता वाजवता एकीला तेलुगूत "पंडुको", एकाला कानडीत "मलको", तिसऱ्याला "सो जा रे" चाललेलं. पाच मिनिटांत खोली झोपली. उभी होते ती मी एकटी. त्या दिवशी मी तिचे पाय धरायला हवे होते. मी काय केलं? दैनंदिनीत लिहिलं, 'मदतनीस विश्रांतीच्या वेळी आवाज करते. सूचना दिली.' वाचताय ना? सूचना दिली!

दुसरी गोष्ट पद्माची. चार वर्षांची पोर, वर्गात तोंड उघडायची नाही. तीन मणी दे म्हटलं तर मुठीत मणी धरून माझ्याकडं बघत बसायची. मी तिच्या नावापुढं 'मंद' असा शेरा मारला आणि शाई वाळायला वही उघडी ठेवली. आक्कानं बोट फिरवत तो शेरा वाचला. संध्याकाळी म्हणाली, "चला की बाई, माज्यासंगं जरा." पद्माच्या घरी घेऊन गेली. आई सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळत होती, आणि ही 'मंद' पोर शेजारी बसून विड्यांच्या जुड्या लावत होती. पंचवीस विड्या झाल्या की दोरा. मी मोजून पाहिलं, एकही जुडी चुकली नव्हती. तोंडानं अखंड बडबड चालू, तेलुगूत. आईला हुकूम सोडत होती! आक्का मला म्हणाली, "तुमच्या खोलीत ती मुकी न्हाई बाई, तुमी भैऱ्या हायसा." मला झोंबलं. इतकं झोंबलं, की शेरा खोडला, पण रागही धरला. खरं बोलणाऱ्यावर राग धरणं ही शिकलेल्या माणसाला फार सहज जमणारी गोष्ट आहे.

तो राग कुठं बाहेर पडला, ते आता लिहिते. पन्नास वर्षं लिहिलं नव्हतं.

पंचाहत्तर साली पोरं वाढली आणि संस्थेनं दुसरा वर्ग काढायचं ठरवलं. तेव्हा आजच्यासारखे कडक नियम नव्हते. कार्यवाह म्हणाले, नरसव्वा आठ वर्षं काम करतेय, पेठ तिला मानते, तिलाच शिक्षिका करू, फक्त प्रशिक्षित बाईंचं लेखी मत हवं. प्रशिक्षित बाई म्हणजे मी. आक्काला ते कळलं. दुसऱ्या दिवशी पोरं गेल्यावर ती खोली झाडता झाडता थांबली. आमच्या कपाटात नोकरांचं मस्टर असे. वर शिक्षिकेचं नाव, खाली पट्टीनं ओढलेली लाल रेघ, रेघेखाली 'मदतनीस'. तिनं ते उघडून माझ्यासमोर धरलं. "बाई, एक लिवून द्या की. काम त्येच करते मी, वाढवून न्हाई मागत काय. पर ह्या रेघंच्या वर नाव पायजे. माजी पोरगी आता दुसरीत हाय. शाळंत तिला इचारतेत, आई काय करती. ती म्हणती, झाडती."

मी म्हटलं, "बघू."

आणि मी लिहिलं. एकेक शब्द पाठ आहे मला. 'सदर महिलेचे मराठी उच्चार अशुद्ध असल्याने बालकांवर विपरीत संस्कार होण्याची शक्यता नाकारता येत नाही. मदतनीस म्हणून अत्यंत उपयुक्त.' खाली झोकदार सही. ज्या पोरांच्या घरी मराठीचा गंध नव्हता, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारी एकुलती एक बाई मी अशुद्ध ठरवली. कोण होते हो मी? बार्शीची. आमच्याकडचे उच्चार काय सोन्याचे होते? पुण्यात पहिल्या आठवड्यात माझ्या 'हितं-तितं'ला वर्ग हसला होता. तिथं गिळलेलं मी सोलापुरात आक्काच्या अंगावर ओकले.

कार्यवाहांनी तो कागद कार्यालयात मोठ्यानं वाचला. आक्का तेव्हा चहा घेऊन आत आली होती, हे त्यांच्या लक्षात यायला उशीर झाला. ती ट्रे धरून शेवटपर्यंत उभी राहिली. मग कप एकेक करून खाली ठेवले, एक थेंब न सांडता, आणि विचारलं, "विपरीत म्हंजी काय ओ?"

कार्यवाह टोपी सारखी करत बसले. मी फरशीकडं बघत होते. तिनं ट्रे उचलला आणि गेली.

मला वाटलं, आता भांडेल. चार भाषांत शिव्या देईल. तयारीतही होते मी, उत्तरं घोकून. पण दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी आली, खोली झाडली, पोरं गोळा करून आणली, नाकं पुसली. दुपारी पोरं आडवी झाली. आम्ही नको म्हटलं तरी कारखान्याचा तह मोडायला मालक तयार नव्हता, शब्द म्हणजे शब्द, त्यामुळं बारा वाजता माग बंद. मी आक्काकडं बघितलं. तिनं पाट माझ्यापुढं सरकवला. "तुमी करा की. बाई तुमी हायसा." आणि दारात जाऊन बसली.

मी वाजवलं. पोरं हसायला लागली. दुसऱ्या दिवशी वाजवलं, एक रडलं, त्याच्यामागं दहा. आक्का दारातून बघायची. अशा किती दुपारी गेल्या ते आठवत नाही, पण एका दुपारी मीच रडायला लागले. सतरंजीवर बसून, सगळ्या पोरांच्या मध्ये, प्रशिक्षित. तेव्हा ती उठून आली, माझा हात धरून पाटावर ठेवला. "बार्शीचा माग हाय ह्यो. दर फेऱ्याला सूत तुटतंय. दाबू नगा, सोडा हात... हां. आता थांबा. थांबण्यातच झोप हाय, बडवण्यात न्हाई." त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला आक्का म्हटलं. ती म्हणाली, "लई लौकर!" आणि पोरांच्या नाकाला लावायचा फडका माझ्या हातात दिला. माझी या कामाची सुरुवात तिथून धरा. प्रमाणपत्रावर दोन वर्षं आधीची तारीख आहे, ती चुकीची आहे.

म्हणजे मी सुधारले असं समजू नका. दुसऱ्या वर्गाला एक प्रशिक्षित मुलगी आली, चार महिन्यांत लग्न होऊन गेली. मग आणखी एक, मग आणखी. आक्का प्रत्येकीला हात धरून शिकवायची आणि त्यांच्याच रेघेखाली सही करायची. एकदा पुण्याहून तपासणीला बाई आल्या. ते पाटाचं वाजवणं बघून चकित झाल्या, "ही कल्पना कुणाची?" कार्यवाह पटकन म्हणाले, "आमच्या नलिनीताईंची." मी तोंड उघडलं... आणि मिटलं. आक्का पोरांना पांघरूण घालत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. पुढं त्याच 'पद्धती'वर मी जिल्हाभर बोलत हिंडले. 'आमच्या एका मदतनीस बाईंच्या सहकार्याने' असं एक वाक्य घालत असे. सहकार्यानं! एकोणऐंशी साली लाज अनावर होऊन मी शिफारस लिहायला घेतली, तर संस्था म्हणाली, आता नियम बदलला, मॅट्रिक हवी. मी हुश्श केलं. हो, खोटं कशाला बोलू? नियमानं मला वाचवलं म्हणून हुश्श केलं.

आणि हे केवळ माझं पाप म्हणून सोडून देऊ नका, कारण आजही हेच चाललंय. तीन वर्षांच्या पोराजवळ बसणं म्हणजे काम नव्हे, सांभाळणं, असं आपण ठरवून टाकलंय. कॉलेजात तेच व्याख्यान वर्षानुवर्षं देणाऱ्याला आपण सर म्हणतो, आणि रडणारं पोर कुठल्या भाषेत रडतंय हे ओळखणाऱ्या बाईला शिपाई! मूल जितकं लहान, तितकी त्याच्याजवळ बसणारीची किंमत कमी, हा हिशेब कुणी शिकवला आपल्याला? मला तरी सात वह्यांनी शिकवला. आणि बाई गेली की दोन मिनिटं गप्प बसायचं. पन्नास वर्षं गप्पच तर बसलो होतो!

शोकसभा संपल्यावर मी कार्यवाहांच्या केबिनमध्ये शिरले. म्हटलं, बाहेर भिंतीवर आजवरच्या शिक्षिकांची नावं लावलीत, त्यात नरसव्वाचं घाला. ते भले आहेत. त्यांनी लगेच जुनी फाईल मागवली, चाळली, आणि अवघडून माझ्याकडं सरकवली. "आजी, घालायला हरकत नव्हती... पण रेकॉर्डला प्रतिकूल मत आहे. आणि..." पुढं बोलायची गरजच नव्हती. पिवळा पडलेला कागद, खाली माझी झोकदार सही. शाई मात्र अजून काळीभोर. बऱ्या शाईचं पेन होतं हो माझं.

मी तिथंच एक कोरा कागद मागितला. लिहिलं, की फाईलमधलं प्रतिकूल मत देणारी व्यक्ती त्या वेळी अननुभवी, आकसानं भरलेली आणि विषयात अडाणी होती; तिला जे काही येतं ते सदर महिलेनं शिकवलं; सबब ते मत रद्द समजावं. ते म्हणाले, "आता काय उपयोग, आजी? त्या तर गेल्या." मी म्हटलं, "मी आहे ना! पोच द्या." त्यांना मीटिंगला जायचं होतं. मी दारातच खुर्ची ओढून बसले. पंधरा मिनिटांनी शिक्का मिळाला. भिंतीचं अजून 'विचाराधीन' आहे. मी दर सोमवारी फोन करते. माझा आवाज ऐकला की तिकडची क्लार्क पोरगी "एक मिनिट हं" म्हणते आणि गायब होते. होऊ दे. मला वेळ आहे.

तिथून रिक्षा करून आक्काच्या घरी गेले. निवृत्तीनंतर मी तिच्याकडं वर्षातून दोनदा जायची, सणाला, सकाळी, पाहुणीसारखी चहा पिऊन परत. दुपारची कधी गेले नव्हते. चार वाजले होते. तिच्या दारात तीन पायऱ्या आहेत, वरची रुंद. खालच्या दोन पायऱ्यांवर आणि समोर रस्त्यावर आठ-नऊ पोरं बसलेली, तीन-चार वर्षांची, कुणाच्या हातात बिस्किट, कुणाच्या हातात चप्पल. तिची सून दारात उभी होती, डोळे पुसत म्हणाली, "काय करू ओ बाई, रोज येतेत. बारा दिवस झाले, सांगून दमले, आक्का न्हाई आता. तरी चारला येऊन बसतेत. सहाला जातेत." तिनं माझ्यासाठी आतून खुर्ची आणायला पाठ वळवली. पाय दुखत होते, वरची पायरी रिकामी होती, मी टेकले.

परकराला पिन लावलेली एक एवढीशी पोर उठून माझ्यासमोर उभी राहिली. कमरेवर हात.

"तितं नगं बसू."

"का गं?"

"ती टीचरची जागा हाय."

"कोण टीचर?"

तिनं, काय येडी म्हातारी आहे, अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं आणि उघड्या दारातून आत, फोटोकडं बोट केलं. खुर्ची घेऊन आलेल्या सुनेकडं मी पाहिलं. ती म्हणाली, "समदी पोरं टीचरच म्हणायची त्यांना. कुणी शिकिवलं काय की."

मी उठले. खालच्या पायरीवर बसले, तर पोरगी म्हणाली तीही भरली आहे. मग आणखी खाली, रस्त्यावर, दोन पोरांच्या मध्ये जागा मिळाली. गुडघे कडकड वाजले. शेजारचं पोरगं जरा सरकलं, मला नीट बसू दिलं, आणि आम्ही सगळे वर बघत बसलो.